इंजिनच्या तेलात पाणी आले तर

अमेरिकेत आलेल्या आपल्या कुटुंबाला स्वतःचे घर व्हावयास वर्षे लागतात, पण गाडी मात्र पहिल्या काही महिन्यांतच घ्यावी लागते. न्यूयॉर्क शहरात राहणाऱ्यांचे भुयारी रेल्वेवर भागते. इतरत्र कामावर जाणे, मुलांना शाळेत पोचवणे, बाजारहाट, नातेवाइकांकडे मलिद्याला जाणे, यांपैकी एकही गोष्ट गाडीवाचून होत नाही. आणि ही पहिली गाडी बहुधा दुसऱ्या कोणी लाखभर मैल चालवून विकलेली असते. अशा गाडीच्या दुखण्यांपैकी ज्याचे नाव ऐकताच माणूस हात टेकतो ते म्हणजे इंजिनच्या तेलात रेडिएटरचे पाणी शिरणे.

गॅरेजमधील प्रसंग ठरलेला असतो. मेकॅनिक डिपस्टिक काढून दाखवतो. तिच्यावर काळपट तेलाऐवजी दूध घातलेल्या कॉफीसारखा रंग दिसतो. "हेड गॅस्केट गेले," असे म्हणून तो दोन-तीन हजार डॉलरचा आकडा सांगतो. कित्येकदा गाडीची किंमतही तेवढी नसते. मग कोणी त्याच दिवशी ती भंगारात देतो. कोणी उलट पगाराची वाट पाहत तीच गाडी आणखी पंधरा दिवस चालवतो आणि दुरुस्त होण्याजोगे इंजिन कायमचे घालवून बसतो. दोन्ही निर्णय घाईचे होत. तेलात पाणी दिसले म्हणजे कारण कळले असे होत नाही. ते पाणी कोठून आले हे शोधावे लागते. हेड गॅस्केट हा संशयितांपैकी एक खरा, पण काही गाड्यांत तो यादीत पुष्कळ खाली असतो. हेडला पाना लावण्यापूर्वी, थोड्या खर्चात, मूळ जागा कशी शोधावी हे येथे पाहू.

सुरुवातीला खोट्या भीतीविषयी. डिसेंबर-जानेवारीत तेल ओतण्याच्या तोंडाचे झाकण उघडले तर आतल्या बाजूस पिवळट, लोण्यासारखा थर पुष्कळांना दिसतो आणि त्यांची झोप उडते. पेट्रोल जळते तेव्हा त्यातून पाणी तयार होते, एक गॅलन पेट्रोलामागे जवळजवळ एक गॅलन. त्यातील बहुतेक वाफ होऊन सायलेन्सरमधून बाहेर जाते. थोडी वाफ पिस्टनच्या रिंगांजवळून खाली तेलाकडे उतरते. इंजिन पुरते तापले तर तीही निघून जाते. पण कडक थंडीत दोन मैलांवरच्या दुकानापर्यंत जाऊन परत यावयाचे, अशीच गाडी वापरली तर इंजिन तापतच नाही आणि वाफ सर्वांत थंड जागी, म्हणजे झाकणाखाली, थिजते. मुंबईत किंवा अलिबागेस हे दृश्य कोणी पाहिलेले नसते, म्हणून येथे आल्यावर पहिल्या हिवाळ्यात घाबरगुंडी उडते.

यावर उपाय सोपा आहे. झाकण पुसून स्वच्छ करावे. हायवेवर अर्धा-पाऊण तास गाडी चालवावी, असे दोन-तीनदा करून पुन्हा पाहावे. त्याचबरोबर इंजिन थंड असताना कूलंटच्या बाटलीवर पातळीची खूण पेनने करून ठेवावी. डिपस्टिकवरचे तेल स्वच्छ आहे, बाटलीतील पातळी आठवडाभर हललेली नाही आणि झाकणाखालचा थर परत आला नाही, तर गाडीला काहीही झालेले नाही.

खऱ्या दुखण्याची लक्षणे निराळी असतात. खुद्द डिपस्टिकवर दुधाळ तेल येते. तेल न घालताही त्याची पातळी वाढते. बाटलीतील कूलंट कमी होत जाते, पण गाडीखाली थेंब पडलेला नसतो. तेलाला गोडसर वास येतो. यांतील दोन-तीन गोष्टी एकत्र दिसल्या तर इंजिन त्या क्षणी बंद करावे आणि पुढे गाडी ओढूनच न्यावी. कारण असे की, क्रँकशाफ्ट बेअरिंगला न टेकता तेलाच्या अत्यंत पातळ थरावर फिरत असतो. कूलंटमधील ग्लायकोल त्या थराची ताकद घालवतो, तेलात चिकट गाळ करतो, फिल्टर बुजवतो आणि बेअरिंगचा मऊ धातू खातो. गळतीचे कारण शंभर डॉलरचे असो की हजाराचे, एकदा बेअरिंग गेले की हिशेबच बदलतो. टो ट्रकचे पैसे वाचवण्यासाठी घरापर्यंत दहा मैल चालवत नेलेली गाडी ही या साऱ्या प्रकरणातील सर्वांत महाग बचत असते.

येथे आणखी एक गफलत सांगून ठेवतो. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल थंड करणारी नळी पुष्कळ गाड्यांत रेडिएटरच्या टाकीतच बसवलेली असते. ती आत फुटली तर गिअरबॉक्सच्या तेलात पाणी मिसळते आणि स्ट्रॉबेरीच्या मिल्कशेकसारखा गुलाबी रंग होतो. निस्सानच्या सुमारे २००५ ते २०१० या सालांतील पाथफाइंडर, एक्सटेरा आणि फ्रंटियर या गाड्यांत हा दोष कुप्रसिद्ध झाला. तेव्हा दुधाळ तेल इंजिनचे की गिअरबॉक्सचे हे आधी पाहून घ्यावे. दुसऱ्या प्रकारात इंजिनच्या हेडचा काडीमात्र संबंध नसतो.

आता मुख्य विषय. इंजिनात तीन वस्तू शेजारशेजारच्या मार्गांनी वाहत असतात आणि त्या एकमेकींना भेटू नयेत अशी सारी रचना असते: जळणारा वायू, तेल आणि पाणी. टायरच्या हवेप्रमाणे यांचाही दाब पौंडांत मोजतात. रेडिएटरच्या झाकणावर बहुधा १५ किंवा १६ चा आकडा असतो. म्हणजे पाण्याचा दाब साधारण तेवढ्यावर रोखलेला असतो. त्या दाबामुळे आणि अँटिफ्रीझच्या निम्म्या मिश्रणामुळे ते पाणी २१२ अंश फॅरनहाइटला न उकळता २६० च्या पुढेपर्यंत टिकते. तेलाचा दाब इंजिन चालू असताना साधारण २५ ते ६० पौंड असतो. सिलिंडरमध्ये पेट्रोल जळते तेव्हाचा दाब तर शेकडो पौंडांचा.

या आकड्यांतच निदानाची किल्ली आहे. गळती नेहमी जास्त दाबाकडून कमी दाबाकडे होते. इंजिन चालू असताना तेलाचा दाब पाण्यापेक्षा अधिक असतो. म्हणून दाबाखालचे तेल वाहणाऱ्या मार्गाला भोक पडले तर आधी तेलच पाण्यात शिरते. इंजिन बंद केले की तेलाचा दाब लगेच शून्य होतो, पण गरम पाण्याचा दाब इंजिन निवेपर्यंत टिकून राहतो. त्या अवधीत प्रवाह उलटतो आणि पाणी तेलात उतरते. तेव्हा कूलंटच्या बाटलीत तपकिरी चिखल आणि डिपस्टिकवरही दूध, असे दोन्हीकडे दिसले, तर संशय दाबाच्या तेलमार्गावर घ्यावा. तो मार्ग म्हणजे बहुधा ऑइल कूलर, क्वचित हेड गॅस्केटमधील तेलाचे छिद्र.

बाटली अगदी स्वच्छ, फक्त तेल दुधाळ, असे असेल तर पाणी अशा जागी पडत आहे जेथे तेल दाबाखाली नसून नुसते ओघळत असते. तेथून तेल उलट पाण्यात जाऊ शकत नाही. इनटेक मॅनिफोल्डखालची खोबण, टायमिंग चेनचे कव्हर, हेडचा वरचा भाग, या त्या जागा. आणि पाण्यात बुडबुडे येतात, थंड इंजिन सुरू करताच मिनिटभरात वरचा होज पाइप दगडासारखा कडक होतो, सायलेन्सरमधून गोड वासाचा पांढरा धूर थांबत नाही, तर जळणारा वायू पाण्याला भेटला आहे. हेड गॅस्केट किंवा हेडला तडा यांच्यावर खरा आरोप ठेवावयाचा तो येथे. लहान गळती कधी कधी या नियमाला चकवते, पण पहिला अंदाज बांधावयास तो चांगला आहे.

हेड गॅस्केटचे नाव एवढे बदनाम का झाले, तेही समजण्यासारखे आहे. मुंबईच्या टॅक्सी म्हणून ज्या फियाट आपण वर्षानुवर्षे पाहिल्या, त्यांचा ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचे होते. ॲल्युमिनियम तापल्यावर बिडाच्या जवळजवळ दुप्पट फुगते. खंडाळ्याच्या घाटात गाडी उकळली की दोन धातूंच्या मधले गॅस्केट चिरडले जाई. इकडे अमेरिकेत १९७८ ते १९८५ या काळातील ओल्ड्समोबिलच्या डिझेल इंजिनांनी तोच अनुभव दिला. डिझेलचा दाब मोठा आणि हेड धरणारे बोल्ट त्या मानाने अपुरे पडले. त्या काळात "पाणी तेलात म्हणजे हेड" असे म्हणणारा मिस्त्री बहुधा बरोबर ठरत असे. पुढे इंजिने बदलली, त्यांत प्लॅस्टिक आले, पंप आत गेले, पण वाक्य तेच राहिले.

याचे सर्वांत मोठे उदाहरण जनरल मोटर्सचे. १९९० नंतरच्या दशकात आणि पुढेही काही वर्षे शेव्हरोले मालिबू, इम्पाला, व्हेंचर, पाँटिअॅक ग्रँड ॲम, ब्यूक सेंच्युरी यांसारख्या गाड्यांत ३.१ आणि ३.४ लिटरची व्ही-६ इंजिने येत. या गाड्या पुढे जुन्या बाजारात स्वस्त मिळू लागल्या आणि नव्याने आलेल्या कित्येक कुटुंबांनी घेतल्या. व्ही आकाराच्या दोन हेडांच्या मध्ये इनटेक मॅनिफोल्ड बसते आणि त्याच्या कोपऱ्यांतून पाणी जाते. तेथले गॅस्केट नायलॉनच्या चौकटीचे आणि सिलिकॉनच्या कडांचे होते. काही वर्षांनी ती चौकट ठिसूळ होई, कड सुटे, आणि पाणी थेट खालच्या खोबणीत ओघळून तेलाच्या चेंबरमध्ये जाई. जळणाऱ्या वायूशी संबंध नसल्याने बुडबुडे नाहीत, पांढरा धूर नाही, बाटली स्वच्छ. वर सांगितलेल्या नियमाप्रमाणे तंतोतंत.

याच काळात कंपनीने नारिंगी रंगाचे डेक्स-कूल हे कूलंट आणले होते आणि ते पाच वर्षे किंवा दीड लाख मैल टिकेल असे सांगितले होते. दोष कूलंटचा की गॅस्केटच्या प्लॅस्टिकचा, यावर पुष्कळ भांडण झाले. ग्राहकांनी सामुदायिक दावे लावले. १९९५ ते २००४ या सालांच्या गाड्यांपैकी ठरावीक इंजिनांसाठी २००८ साली तडजोड मंजूर झाली आणि दुरुस्तीचा पुरावा देणाऱ्यांना ५० पासून ८०० डॉलरपर्यंत रक्कम मिळाली. ती मुदत केव्हाच संपली आहे. पण त्या इंजिनांच्या काही गाड्या अजून चालतात आणि त्यांच्या मालकांना अजूनही "हेड गॅस्केट" हेच ऐकावे लागते. ज्यांच्याकडे अशी गाडी आहे त्यांनी प्रथम इनटेक गॅस्केट तपासावयास सांगावे. ते बदलण्यासाठी हेड उचलावे लागत नाही. नवीन गॅस्केट धातूच्या चौकटीचे घ्यावे. या कामात पुशरॉड काढावे लागतात आणि ते दोन वेगवेगळ्या लांबीचे असतात. अदलाबदल झाली तर वाकतात. मॅनिफोल्डचे उभे बोल्ट आधी आणि तिरपे नंतर आवळावयाचे असतात. हा क्रम मोडणाऱ्याचे नवे गॅस्केटही गळते.

याच कंपनीच्या ३.८ लिटरच्या दुसऱ्या मालिकेचे इंजिन ब्यूक लसाबर, पाँटिअॅक बॉनेव्हिल वगैरे गाड्यांत येई. इंजिन म्हणून ते फार टिकाऊ. पण वरचे मॅनिफोल्ड प्लॅस्टिकचे आणि सायलेन्सरकडचा गरम वायू परत आणणारी नळी त्यातून जाते. तिच्या भोवतालचे प्लॅस्टिक भाजून मऊ होते आणि शेजारचे पाणी आत येते. ते पाणी सिलिंडरमध्ये साचले तर इंजिन जागीच अडकते, कारण पाणी दाबता येत नाही. अशा वेळी पुनःपुन्हा स्टार्टर मारणे म्हणजे कनेक्टिंग रॉड वाकवून घेणे होय.

दुसरे उदाहरण फोर्डचे, आणि ते अधिक कठीण. २००७ च्या एज गाडीपासून वापरात आलेल्या ३.५ लिटरच्या, आणि पुढे ३.७ लिटरच्या, व्ही-६ इंजिनात पाण्याचा पंप टायमिंग चेनवर चालतो आणि इंजिनच्या पुढच्या कव्हरच्या आत बसतो. फ्लेक्स, टॉरस, २०११ नंतरची एक्सप्लोरर आणि माझ्दाची सीएक्स-९ यांतही हेच इंजिन आडवे बसवलेले असे. बाहेरचा पंप गळला तर जमिनीवर डबके दिसते आणि माणूस सावध होतो. हा पंप गळला तर पाणी आतल्या आत तेलाच्या चेंबरमध्ये पडते. सूचनेसाठी आल्टरनेटरजवळ एक बारीक छिद्र ठेवलेले आहे. पंपाची सील झिजू लागली की तेथे कूलंटचा ओघळ किंवा वाळलेला डाग दिसतो. असे इंजिन असेल तर तेल बदलताना टॉर्च मारून ते छिद्र पाहण्याची सवय ठेवावी. पंप बदलण्यास चेन आणि कव्हर काढावे लागते, त्यामुळे खर्च हेड गॅस्केटइतकाच, कधी अधिकही येतो. निदान अचूक झाले म्हणजे बिल नेहमी लहान होते असे नाही. पण निदान चुकले तर पहिल्या बिलानंतर हेही बिल भरावे लागते. मस्टँग किंवा एफ-१५० मध्ये हीच इंजिने उभी बसवलेली असल्याने पंप बाहेर असतो. तेथे हा प्रश्न नाही.

तिसरे उदाहरण थोडक्यात. जनरल मोटर्सच्या २००१ ते २००६ च्या ट्रक आणि मोठ्या गाड्यांतील ४.८ आणि ५.३ लिटर व्ही-८ इंजिनांपैकी काहींवर कॅस्टेक या ओतकारखान्याची खूण असलेली हेडे बसली होती. त्यांना वरच्या बाजूस केसासारखे तडे जातात आणि पाणी थोडे थोडे तेलात जाते. महिनोन्महिने बाटली रिकामी होते आणि गळती सापडत नाही. कंपनीने याविषयी गॅरेजांना पत्रक काढले होते. अशा हेडखाली नवे गॅस्केट घालणे म्हणजे फुटक्या माठाला नवे झाकण करणे. हेडच बदलावे लागते.

आता तपासणी. यातील बहुतेक गोष्टी हाताने काम करण्याची आवड असलेला माणूस घरी करू शकेल. मुंबईच्या रेल्वे वर्कशॉपात, गोदीत आणि गिरण्यांत ज्यांच्या घरची माणसे राबली, त्या आपल्या लोकांत अशा हातांची वाण नाही. ज्यांना ते शक्य नाही त्यांनी निदान गॅरेजवाल्याने काय केले हे विचारण्यापुरते समजून घ्यावे. एक सक्त सूचना: गरम रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये. उकळते पाणी चेहऱ्यावर येते.

पहिली तपासणी फुकटची आहे. कोकणात ज्यांना शनवार तेली म्हणत त्या घाणेवाल्यांच्या वंशजांना हे सांगावयास नको की तेल आणि पाणी आपण होऊन एकजीव होत नाहीत. इंजिन ते घुसळते म्हणून दूध दिसते. गाडी रात्रभर उभी राहू द्यावी. न घुसळले गेलेले कूलंट जड असल्याने चेंबरच्या तळाशी बसते. सकाळी, इंजिन सुरू न करता, गाडीखाली काचेची बरणी धरून तेल काढण्याचा बोल्ट हळूच सैल करावा आणि पहिले कपभर द्रव बरणीत घ्यावे. आधी हिरवे, नारिंगी किंवा गुलाबी पाणी आले आणि मागून तेल, तर शंकेला जागा उरली नाही. किती पाणी आले यावरून गळती केवढी हेही कळते. प्रमाण अगदी थोडे असेल तर तेलाचा नमुना प्रयोगशाळेत पाठवता येतो. इंडियाना राज्यातील फोर्ट वेन येथे ब्लॅकस्टोन नावाची अशी प्रयोगशाळा टपालाने नमुने घेते. अहवालात सोडियम आणि पोटॅशियम वाढलेले दिसले तर ते बहुधा कूलंटमधून आलेले असते. नुसती वाफ थिजलेली असेल तर हे क्षार वाढत नाहीत.

दुसरी तपासणी सर्वांत मोलाची. कूलिंग प्रेशर टेस्टर म्हणजे सायकलच्या पंपासारखे, घड्याळ लावलेले उपकरण. ऑटोझोन, ओरायली यांसारखी दुकाने अनामत घेऊन ते वापरावयास देतात आणि परत केल्यावर पैसे परत करतात. इंजिन थंड असताना ते रेडिएटरच्या किंवा बाटलीच्या तोंडावर बसवावे आणि झाकणावर जो आकडा असेल तेवढाच दाब भरावा, अधिक नाही. पंधरा मिनिटांत काटा उतरला आणि बाहेर कोठे थेंब दिसला नाही, तर पाणी आत जात आहे. घाई असेल तर येथे थांबता येते. पण घाई करू नये. तेल पूर्ण काढून टाकावे, बोल्ट उघडाच ठेवावा, खाली स्वच्छ ताट ठेवावे, आणि अधूनमधून दाब भरत गाडी काही तास तशीच ठेवावी. इंजिन चालवावे लागत नसल्याने बेअरिंगचे यात काहीच नुकसान नाही, हा या पद्धतीचा मोठा गुण. ताटात कूलंट ठिबकू लागले की मग फक्त वाट मागे मागे शोधावयाची.

शोध असा घ्यावा. स्पार्क प्लग काढून, इग्निशन आणि पेट्रोलचा पुरवठा तोडून, स्टार्टरने इंजिन फिरवावे. एखाद्या भोकातून पाण्याचा फवारा उडाला तर ते सिलिंडर दोषी, आणि हेड गॅस्केट किंवा तडा यांची शक्यता वाढली. तोंड अर्थातच बाजूला ठेवावे. एखादा प्लग इतरांपेक्षा धुतल्यासारखा स्वच्छ दिसला तर तेही त्याच अर्थाचे, कारण वाफ कार्बन धुऊन काढते. सर्व प्लग सारखे आणि कोरडे असतील तर हेडवरचे कव्हर काढून, दाब कायम ठेवून, हेडच्या वरच्या बाजूला प्रकाशात पाहावे. तडा असेल तर तेथे ओलसर, चकचकीत रेघ दिसते. तेथेही काही नसेल तर खालचे चेंबर उतरवून वर पाहावे. पाणी पुढच्या टोकाला, चेनच्या बाजूने येत असेल तर पंप किंवा पुढचे कव्हर. मधोमध, वरच्या खोबणीच्या छिद्रांतून येत असेल तर इनटेक गॅस्केट. एखाद्या सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळत असेल तर वर जे सांगितले तेच. कूलंटमध्ये घालावयाचा चमकणारा रंग आणि निळा दिवा मिळतो. त्याने हे काम सोपे होते.

ऑइल कूलरवर संशय असेल तर तो उघडून त्याच्या पाण्याच्या तोंडांपैकी एक बंद करावे, दुसऱ्यातून बेताची हवा भरावी आणि तो बादलीत बुडवावा. सायकलच्या ट्यूबचे पंक्चर शोधतात तसे. तेलाच्या तोंडातून बुडबुडे आले तर चोर सापडला, आणि हा चोर पकडला गेल्यास आनंद मानावा, कारण कूलर बदलणे हे त्या मानाने लहान काम असते.

सर्वात शेवटी, आणि तेलात पाणी थोडेच असेल तरच, ती निळ्या द्रवाची तपासणी करावी. हिला ब्लॉक टेस्ट म्हणतात. इंजिन चालवून रेडिएटरच्या तोंडातील हवा निळ्या द्रवातून ओढतात. जळलेला वायू असेल तर द्रव पिवळा होतो. इंजिन चालवावे लागते म्हणून आधी तेल आणि फिल्टर बदलून घ्यावा. द्रव पिवळा झाला तर हेडचा भाग उघडणे आले. निळाच राहिला आणि तेलात तर पाणी नक्की आहे, तर मेकॅनिकला थांबवून विचारावे, "वायू पाण्यात येत नाही, मग हेड का उघडावयाचे?" यावर चांगल्या कारागिराजवळ उत्तर असते. गॅस्केट पाणी आणि तेल यांच्या छिद्रांमध्येच फुटले असेल, तर वायूचा संबंध येत नाही. पण ते उत्तर तरी त्याने दिले पाहिजे आणि इतर जागा तपासून झाल्या असे सांगितले पाहिजे. हेड उघडलेच तर ते मशीनशॉपमध्ये दाबाने तपासून, सरळ आहे की वाकले आहे हे मोजून मगच बसवावे.

गॅरेजशी बोलताना लेखी अंदाज मागावा. कॅलिफोर्नियात तो देणे कायद्याने बंधनकारक आहे आणि तक्रारीसाठी तेथे ब्यूरो ऑफ ऑटोमोटिव्ह रिपेअर हे सरकारी खाते आहे. न्यूयॉर्क राज्यात दुरुस्तीच्या गॅरेजला मोटार वाहन खात्याकडे नोंदणी करावी लागते, आणि काढलेले जुने भाग आपणांस हवे असल्यास काम सुरू होण्यापूर्वी तसे लेखी सांगावे. आपल्या गाडीच्या १७ अक्षरांच्या क्रमांकावरून केंद्र सरकारच्या रस्ता सुरक्षा खात्याकडे, म्हणजे एन.एच.टी.एस.ए. कडे, कंपनीने गाडी परत बोलावली आहे काय हे पाहता येते. गाडीचे साल आणि नाव घातले की कंपनीने त्या मॉडेलविषयी गॅरेजांना धाडलेली पत्रकेही तेथे सापडतात. गॅरेजात पाऊल ठेवण्यापूर्वी ती वाचावी. इंग्रजी वाचण्याचा कंटाळा असणाऱ्या वडीलधाऱ्यांनी हे काम घरच्या मुलांवर सोपवावे, पाच मिनिटांचे आहे.

गळती बंद करणारी औषधे बाटलीतून विकतात, त्यांविषयी लोक हटकून विचारतात. माझे मत प्रतिकूल आहे. जे छिद्र बुजवावयाचे ते बुजते की नाही याचा भरवसा नाही. हीटरच्या बारीक नळ्या मात्र बुजू शकतात, आणि मग बोस्टनच्या जानेवारीत काच वितळत नाही. महिन्याभरात भंगारातच द्यावयाची गाडी असेल तर गोष्ट वेगळी.

दुरुस्ती झाल्यावर काम संपत नाही. आतल्या प्रत्येक मार्गात दुधाळ तेल चिकटलेले असते. स्वस्त तेल आणि नवा फिल्टर घालून इंजिन तापेपर्यंत जागेवर चालवावे, ते तेल काढावे, आणि रंग स्वच्छ येईपर्यंत हे पुन्हा करावे. त्यानंतर चांगले तेल भरून पाचशे मैलांवर ते बदलावे. त्या तेलाचा नमुना प्रयोगशाळेला पाठवला तर बेअरिंगचा धातू त्यात उतरला आहे काय हेही कळते. गाडी ठेवावी की विकावी हे तेव्हा ठरवावे.

काढलेले पाणीमिश्रित तेल कोठे टाकावयाचे हा प्रश्न उरतो. सुटे भाग विकणारी दुकाने जुने तेल घेतात, पण कूलंट मिसळलेले घेत नाहीत, कारण त्याने सारी टाकी नासते. ते वेगळ्या डब्यात, वर नाव लिहून, गावाच्या किंवा काउंटीच्या घातक कचऱ्याच्या केंद्रावर द्यावे. तोपर्यंत तो डबा आणि ते ताट मुलांच्या व कुत्र्यांच्या हाती-तोंडी लागू देऊ नये. ग्लायकोलची चव गोड असते आणि ते जहाल विष आहे. कुत्र्याने ताटातले थोडे चाटले तरी त्याचे मूत्रपिंड निकामी होते. तेव्हा जमिनीवर सांडलेले लगेच मांजराच्या वाळूने किंवा लाकडाच्या भुशाने टिपून घ्यावे आणि जागा पाण्याने धुवावी.